भिंगारदिव्यांचं स्पॅनिश

कमलाकर भिंगारदिवे स्पॅनिश शिकायला स्लाऊला आले, यात हसण्यासारखं काही आहे असं निदान त्यांना स्वतःला तरी कधी वाटलं नाही. हसणारे मात्र पुष्कळ होते. नगरच्या निरोपसमारंभात एका वडीलधाऱ्यांनी भर प्रार्थनेत देवालाच विचारलं, की स्पॅनिशसाठी स्पेन सोडून इंग्लंड कशाला. देवाने लगेच काही उत्तर न दिल्यामुळे ते भिंगारदिव्यांना द्यावं लागलं. उत्तर सरळ होतं. मिशनला बोलिव्हियात माणूस पाठवायचा होता. त्या माणसाच्या शिक्षणाचा भार स्लाऊच्या एका लहानशा चर्चने उचलला होता. ज्याने भार उचलला त्याच्या डोळ्यांसमोर शिक्षण व्हावं, हे बरं दिसतं. म्हणून स्पॅनिश स्लाऊला. जगातले अर्धे निर्णय याच पद्धतीने होतात आणि उरलेले अर्धे याहूनही वाईट पद्धतीने होतात.

भिंगारदिवे अठ्ठावन्न वर्षांचे. सगळी नोकरी मिशनच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून झाली. त्या काळात आसामला, ओरिसाला, पार केनियाला सेवेसाठी जाणाऱ्यांच्या ट्रंका त्यांनी बांधून दिल्या आणि फलाटावर उभं राहून हात हलवले. स्वतःचं नाव ते दर वर्षी द्यायचे आणि दर वर्षी ‘पुढच्या वर्षी बघू’ असं ऐकून परत यायचे. या वर्षी कार्यवाह रेखाताई उजागरे हो म्हणाल्या, पण अट घालून. नाताळच्या आत स्पॅनिशची तोंडी परीक्षा पास व्हायची. नाहीतर ती जागा अनिश साळवेला. अनिश सव्वीस वर्षांचा होता आणि फोनवरच स्पॅनिश शिकून बसला होता. अनिशबद्दल आपल्या मनात कसलाही राग नाही, असं भिंगारदिवे कोणी विचारलं नसताना सांगत.

राहायची सोय डॉक्टर शशिधर वाळिंबे यांच्याकडे झाली. डॉक्टरांची सगळी उमर इथल्या हॉस्पिटलांत लोकांना भूल देण्यात गेली होती. निवृत्तीनंतर ते थेम्सकाठ मराठी मंडळाचे अध्यक्ष झाले आणि ते काम वेगळ्या पद्धतीने चालूच राहिलं. नाव कमलाकर, गाव नगर, मुक्काम सहा महिने, एवढं फोनवर ऐकून त्यांनी वरची खोली दिली. भिंगारदिव्यांनी काही लपवलं नव्हतं. पहिल्या रविवारी ते काखेत बायबल घेऊन जिना उतरले, तेव्हा डॉक्टरांच्या हातातला चहाचा कप बशीपर्यंत पोचायला बराच वेळ लागला.

डॉक्टर पुरोगामी गृहस्थ होते. पुरोगामी माणसाची अशा वेळी फार कुचंबणा होते, कारण त्याला मनातलं बोलता येत नाही. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, “भिंगारदिवे, मला personally काहीच problem नाही. फक्त या घरात प्रचार नको.”

“डॉक्टर, मी इथे क्रियापदं पाठ करायला आलोय. स्लाऊचा उद्धार मी अंगावर घेतलेला नाही.”

सुहासिनीताई, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, ओट्याकडे तोंड करून हसल्या. भिंगारदिवे त्यांना पहिल्या दिवसापासून वहिनी म्हणत आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी वहिनींचं माहेर, वडिलांचा व्यवसाय, भावंडं, संस्कृतातलं एमए आणि इंग्लंडमध्ये आल्यावर ते एमए कुठे गेलं, एवढं सगळं विचारून घेतलं होतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला वहिनींना जरा वेळ लागला होता.

हा चौकशीचा गुण भिंगारदिव्यांचा एकट्याचा नव्हे. नगरहून पाथर्डीला एसटीने जाताना शेजारच्याचं आडनाव, गाव, मुलं, जमीन आणि मुलीचं कुठे ठरतंय का, हे विचारलं नाही तर तो माणूस दुखावतो. आपल्याला गर्विष्ठ समजतो. इंग्लंडात नेमकं उलटं आहे, हे भिंगारदिव्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांनी ते मनावर घेतलं नसतं.

स्पॅनिशचा वर्ग मेडनहेडला भरायचा, मंगळवारी संध्याकाळी. शिकवायला मारिसोल नावाच्या पेरूच्या बाई होत्या. वर्गात आठ जण. इंग्रज विद्यार्थी हुशार होते, शब्द पटापट पाठ करायचे. पण पहिल्या धड्यातच त्यांची गाडी अडली. तुमचं नाव काय, तुम्ही कुठले, काय करता, लग्न झालं का, भावंडं किती, असा तो धडा. समोरच्या अनोळखी माणसाला हे सगळं तोंडावर विचारायचं म्हणजे त्यांच्या अंगावर काटाच यायचा. लग्नापर्यंत आले की ते ‘सॉरी’ म्हणून थांबायचे. भिंगारदिव्यांचं उलट. क्रियापद चुकीचं, काळ चुकीचा, उच्चार पाथर्डीचा. पण प्रश्न असे एकामागून एक यायचे की मारिसोलबाईंना त्या धड्यात नसलेले तीन-चार प्रश्न फळ्यावर वाढवावे लागले. बाईंनी त्यांना गृहपाठ दिला: येता-जाता भेटेल त्याच्याशी बोलून सराव करा. हे सांगताना त्यांना कल्पना नव्हती, की हा माणूस दिलेला गृहपाठ करतो.

झालं. स्लाऊ ते मेडनहेड, मध्ये बर्नहॅम आणि टॅपलो. एवढ्या अवधीत भिंगारदिवे शेजारच्याला आधी इंग्रजीत गाठायचे आणि मग परवानगी न घेता स्पॅनिशमध्ये शिरायचे. एक जण बर्नहॅमला उतरला, पण खरं म्हणजे पुढच्या डब्यात गेला, हे भिंगारदिव्यांनी मेडनहेडच्या फलाटावर पाहिलं. त्यांना वाईट वाटलं. पण तेवढ्यापुरतंच. पुढच्या मंगळवारी ते मुद्दाम त्याच्याच समोर बसले आणि त्याच्या कुत्र्याची चौकशी केली. या देशात कुत्र्याबद्दल विचारलेलं चालतं, हा शोध त्यांनी स्वतःच्या बळावर लावला.

त्याच गाडीत एका संध्याकाळी एक मुलगी फोनवर आईशी बोलत होती. ‘जेवण करून राहिली ना तू?’ एवढं कानावर पडलं आणि भिंगारदिव्यांनी फोन संपेपर्यंत कसाबसा धीर धरला.

“नागपूर?” त्यांनी विचारलं.

ती ईशिता वांदिले. मेडनहेडला राहायची, स्लाऊला सॉफ्टवेअरमध्ये होती, येऊन दीड वर्ष झालं होतं. टॅपलो यायच्या आत भिंगारदिव्यांनी तिची खोली भाड्याची आहे, स्वयंपाकघर चौघांत आहे आणि शनिवार-रविवार ती कोणाशीही बोलत नाही, हे सगळं काढून घेतलं. ती रागावली नाही. उतरताना म्हणाली, “काका, दीड वर्षात मला इतके प्रश्न इमिग्रेशनवाल्यांनी पण नाही विचारले.” तेव्हापासून मंगळवारी ती त्यांच्यासाठी जागा धरून ठेवायची.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग वर्गातून दोघांनी काढता पाय घेतला. एकाला स्पेनमध्ये घर घ्यायचं होतं, ते घेणं रहित झालं. दुसरीने कारण दिलं नाही, पण तिला भिंगारदिव्यांनी लागोपाठ दोन आठवडे लग्नाचं विचारलं होतं. वर्ग चालवणाऱ्या संस्थेचा नियम असा, की आठापेक्षा कमी डोकी असतील तर वर्ग बंद. आठवड्याची मुदत मिळाली. वर्ग बंद म्हणजे संस्थेतर्फे होणारी तोंडी परीक्षाही बंद. जवळपास दुसरी परीक्षा थेट वसंतात होती आणि भिंगारदिव्यांचा व्हिसा जानेवारीत संपत होता. म्हणजे बोलिव्हिया अनिशला आणि भिंगारदिव्यांना पुन्हा वसतिगृहाच्या किल्ल्या.

डॉक्टरांचा सल्ला होता, की वयाचा विचार करा. शेजारच्या पंजाबी आजोबांचा सल्ला होता, की कॅनडाला जा, तिथे सगळं सोपं आहे. चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना करू म्हणून सांगितलं. भिंगारदिवे म्हणाले, प्रार्थना आपण करूच, पण डोकी दोन हवीत. आणि ते डोकी शोधायला गाडीत बसले.

आता त्यांच्या चौकशीला शेपूट फुटलं. नाव, गाव, आईवडील, नोकरी झाली की ते म्हणायचे, मंगळवारी संध्याकाळी मोकळे आहात का, आमचा एक वर्ग असतो. इंग्रज माणूस मान हलवून खिडकीबाहेर बघायचा. मराठी माणूस घाबरायचा. दोन दिवसांत मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरी चैत्रालीबाईंचा संदेश आला: ‘Friends, please be careful. मेडनहेड ट्रेनमध्ये एक uncle खूप personal questions विचारतात. मिशनरी आहेत. आधी नाव-गाव, मग फॅमिली, मग क्लासला बोलवतात.’ संदेशातला शब्दन् शब्द खरा होता, हीच त्यातली अडचण. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आणि कोणीतरी लिहिलं, की हे गृहस्थ म्हणे आपल्या अध्यक्षांच्याच घरी राहतात.

रविवारी दुपारी डॉक्टरांच्या दिवाणखान्यात तातडीची बैठक बसली. चिवडा, चहा आणि चिंता. इंग्लंडातली घरं बाहेरून विटांची दिसतात, आतून पुठ्ठ्याची असतात. वरच्या खोलीत भिंगारदिव्यांना सगळं ऐकू येत होतं. आपल्याला ‘ती व्यक्ती’ म्हणतायत हे कळल्यावर त्यांनी स्पॅनिशचं पुस्तक मिटलं. त्यांना राग आला. खरा, लहानपणी यायचा तसा. त्यांनी केस विंचरले, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि खाली गेले.

“बसा, बसा,” ते म्हणाले, जणू तेच यजमान. “ती व्यक्ती आली.”

चैत्रालीबाई म्हणाल्या, की issue धर्माचा नाहीच आहे, privacyचा आहे. मिलिंद नावाचे खजिनदार म्हणाले, की धर्माचाही थोडा आहे. डॉक्टर आपल्या चष्म्याची काच पुसत राहिले.

भिंगारदिवे उभेच होते. ते म्हणाले, “मी जे विचारतो ते तुमच्या आईने विचारलं असतं. गाव कोणतं, जेवलास का, घरी कोण असतं. तुम्ही ते विचारायचं सोडलंत, हा माझा गुन्हा नाही. मी ख्रिस्ती आहे. आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. मी ते कधी लपवलं नाही. ज्याने विचारलं त्याला सांगेन, आनंदाने सांगेन. पण तीन महिन्यांत या खोलीतल्या एकाने तरी मला विचारलं का, की बाबा, तू कोण, कशाला आलास? नुसतं एकमेकांना फॉरवर्ड केलंत. मला दोन माणसं हवी आहेत. स्पॅनिशसाठी. ज्याला भीती वाटते त्याने येऊ नये. मी मंगळवारी त्याच गाडीत बसणार आहे आणि सगळ्यांना विचारणार आहे.”

चिवड्यातला शेंगदाणा कोणाच्या तरी दाताखाली फुटला, तोही ऐकू आला. मग स्वयंपाकघराच्या दारातून सुहासिनीताई म्हणाल्या, “माझं नाव घाला.”

डॉक्टरांनी चष्मा घातला. “सुहास, मंगळवारी आपलं जेवण...”

“फ्रिजमध्ये असेल. मायक्रोवेव्ह तुम्हाला येतो.” आणि मग, “इतक्या वर्षांत मला या घरात कोणी विचारलं नाही, की तुझं संस्कृत कुठे गेलं. यांनी पहिल्या आठवड्यात विचारलं.”

डॉक्टरांनी नंतर दोन दिवस आपला चहा आपणच केला आणि त्यांना ते शोभत होतं. ईशिताला हे सगळं फोनवर कळलं, तेव्हा ती म्हणाली, “काका, मला ग्रुपमधल्या तीन जणांनी पर्सनल मेसेज केला, की यांच्यापासून लांब राहा. आता तर मी येणारच. माझं पण नाव टाका.” आठ डोकी झाली.

पण आठ डोकी असणं आणि आठ डोकी संगणकात असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वेबसाइटने सुहासिनीताईंचं नाव घेतलं नाही. कारण वर्ग ‘पुनर्विचाराधीन’ होता. पुनर्विचाराधीन वर्गात नवीन प्रवेश बंद. पुनर्विचार कशाचा, तर नवीन प्रवेश येत नाहीत याचा. भिंगारदिव्यांनी हे तीनदा वाचलं आणि त्यांना वसतिगृहाच्या सरकारी अनुदानाची आठवण होऊन क्षणभर घरच्यासारखं वाटलं.

ते दोघींना घेऊन थेट कार्यालयात गेले. काउंटरमागे जेमा नावाची मुलगी होती. ती म्हणाली, सिस्टिम घेत नाही, सॉरी. सिस्टिमशी भांडून उपयोग नाही हे भिंगारदिव्यांना ठाऊक होतं, कारण सिस्टिमला गाव नसतं. जेमाला होतं. ती स्वान्सीची निघाली. आई तिकडेच होती, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. कोणता गुडघा, जिना चढता येतो का, जेवण कोण देतं, इतकं झाल्यावर सुहासिनीताईंनी नवऱ्याला फोन लावला आणि डॉक्टरांनी, आपल्यावर अजून राग आहे हे ओळखून, जेमाला गुडघ्याचे व्यायाम अगदी सविस्तर सांगितले. मागे रांग वाढत होती. रांगेतले लोक इंग्रज असल्यामुळे फक्त उसासे टाकत होते. शेवटी जेमाने इकडेतिकडे पाहिलं, वरच्या साहेबांना फोन केला आणि दोन्ही नावं हाताने आत घातली.

परीक्षा डिसेंबरात झाली. ती जोडीने द्यायची असते. भिंगारदिव्यांची जोडी सुहासिनीताईंबरोबर. त्या दोन महिन्यांत ताई वर्गात पहिल्या आल्या होत्या. ज्या बाईने संस्कृतची तीनही वचनं चालवून पाहिली आहेत, तिला स्पॅनिशच्या दोनांचं काय. आपल्याला धास्ती नाही, असं भिंगारदिवे गाडीत टॅपलोपासून सांगत होते. ईशिताने सुट्टी टाकली होती. डॉक्टर आपली कार चालवत मागून आले, पार्किंगचं निमित्त करून.

परीक्षक मिस्टर पर्किन्स, उंच, राखाडी कोट, चेहऱ्यावर काही नाही. पहिला भाग चित्राचं वर्णन. त्यात भिंगारदिव्यांनी चित्रातल्या बाईला पुरुष केलं आणि घोड्याला वकील. दुसरा भाग ऐकून उत्तर द्यायचा. त्यात ते निम्म्या वेळी वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होते. ताईंनी टेबलाखाली पदराचं टोक मुठीत धरलं होतं. तिसऱ्या भागात विद्यार्थ्याने परीक्षकाला दोन प्रश्न विचारायचे असतात.

भिंगारदिव्यांनी खुर्ची पुढे ओढली. नाव त्यांना माहीत होतं, म्हणून गावापासून सुरुवात केली. भावंडं किती. लग्न झालं का. झालं होतं. मग बायको कुठे. पर्किन्स म्हणाले, व्हॅलेन्सियाला, पाच वर्षांपासून. मुलं? नाहीत. कुत्रा होता. कुत्रा कोणाकडे? तिच्याकडे. भिंगारदिव्यांनी मान हलवली आणि हळू विचारलं, कुत्र्याचं नाव काय. हा त्यांचा सातवा प्रश्न होता. पर्किन्सनी नाव सांगितलं, मग तो कसा झोपायचा ते सांगितलं, मग घड्याळ पाहिलं आणि आपण परीक्षा घेतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

“आता मी एक विचारतो,” ते स्पॅनिशमध्ये म्हणाले. प्रश्नपत्रिकेत नसलेलं, भिंगारदिव्यांच्या अर्जात डोकावून. “तुम्ही. या वयात. बोलिव्हियाला का?”

अख्ख्या थेम्सच्या खोऱ्याला प्रश्न विचारणाऱ्या माणसाला आता उत्तर द्यायचं होतं. त्यांना मराठीत पुष्कळ सांगता आलं असतं. पवित्र शास्त्रातली वचनं होती, निरोपसमारंभातलं भाषण होतं. स्पॅनिशमध्ये त्यांच्याजवळ लहान लहान वाक्यंच होती. ती त्यांनी एकेक करून ठेवली.

“माझे आजोबा शिक्षक. दुसऱ्या देशातून पाद्री यायचे. आजोबा त्यांना आमची भाषा शिकवायचे. आमच्या अंगणात. ते चुकीचं बोलायचे. फार चुकीचं. आम्ही मुलं हसायचो. ते पुन्हा बोलायचे. चेहरा लाल. तरी पुन्हा. एक म्हातारा होता. कधीच नीट शिकला नाही. पण त्याला सगळ्या गावाची नावं माहीत. आजारी कोण, माहीत. तो मेला तेव्हा सगळं गाव रडलं. नेहमी ते आमच्याकडे आले. आम्ही कधी कोणाकडे गेलो नाही. मी जातो.”

यात चुका किती होत्या ते मारिसोलबाईंनी नंतर सांगितलं. ऐकून भिंगारदिव्यांना अपमान वाटला. पर्किन्सनी कागदावर काहीतरी लिहिलं. ताईंनी पदर सोडला.

निकाल आठवड्याने आला. सुहासिनीताई विशेष योग्यतेत. ईशिता पास. भिंगारदिवे पास, पण असे, की एक गुण इकडेतिकडे झाला असता तर नाही. डॉक्टरांनी तो कागद उजेडात धरून दोनदा पाहिला आणि मग, अध्यक्ष या नात्याने नव्हे, म्हणाले, “भिंगारदिवे, मी तुम्हाला कधी विचारलं नाही. घरी कोण असतं तुमच्या?” भिंगारदिव्यांनी सांगितलं. त्याला वेळ लागला आणि चहा दोनदा झाला.

संध्याकाळी नगरहून रेखाताईंचा फोन आला. त्यांनी अभिनंदन केलं आणि मग आवाज मऊ केला. मिशनच्या मंडळाचं असं मत पडलं होतं, की गुण फारच काठावरचे आहेत. अनिशचे उच्चार स्वच्छ आहेत. भिंगारदिव्यांनी आता दगदग कशाला करावी. वसतिगृहात त्यांच्यावाचून सगळ्यांचं अडलं आहे.

“रेखाताई, अट पास होण्याची होती. मी पास झालो. वसतिगृहाच्या किल्ल्या अनिशला द्या, त्याचे उच्चार स्वच्छ आहेत.”

“अहो, पण तिथली माणसं हसतील तुमच्या बोलण्याला. मुलंबाळं मागे लागतील.”

“लागू देत,” भिंगारदिवे म्हणाले. “हसायला तरी जवळ येतील. तिकीट काढा.”